अपमानाची वही कशी ठेवावी

माझ्या कपाटात दोन वह्या आहेत. खरं तर तीन असायला हव्या होत्या. पहिलीचं काय झालं ते शेवटी सांगते.

मी कुठून आले हे कळल्यापासून कामाच्या ठिकाणी एक वरिष्ठ बैठकीत माझं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारायचे. बाकीचे हसायचे, मीही हसायचे, आणि रात्री छताकडे बघत पडायचे. 'कणखर व्हा' असं सांगणारे तेव्हा खूप भेटले. ओझं कोणी लादलं ते राहिलं बाजूला, चर्चा माझ्या पाठीच्या कण्याची!

वही सुरू करायची तर नोंद त्याच दिवशी करा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, तिथे कोण कोण होतं, तुम्ही काय उत्तर दिलंत. राग, रडू, शिव्या, सगळं लिहा. पण मागच्या पानांवर. सुरुवातीला मी 'ते मला नेहमी तुच्छ लेखतात' असलं काहीतरी लिहीत होते. त्याचा उपयोग शून्य. 'नेहमी' हा शब्द कोणीही उडवून लावतं. 'मंगळवारी साडेअकराला, चौघांसमोर' हे खोडून काढणं जड जातं. कार्यालयाच्या संगणकावर मात्र यातलं अक्षरही नको.

तीन महिन्यांनी वही सलग वाचा. माझ्या 23 नोंदींपैकी 17 एकाच साप्ताहिक बैठकीतल्या निघाल्या. मला वाटत होतं, सारं जगच अंगावर आलंय. निघाली एक खोली आणि आठवड्यातला एक तास.

1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला होता. क्रूरच होता. जे विजेचे झटके काही केल्या थांबवता येत नाहीत ते सोसलेली बरीचशी कुत्री, पुढे साध्या उडीने सुटका होत असतानाही जागची हलली नाहीत. नंतर त्यांना दोरीने पुन्हा पुन्हा पलीकडे ओढून नेलं, तेव्हा ती स्वतः उडी मारायला लागली. हतबलता शिकली जाते, असं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं. याच दोघांनी 2016 मध्ये ते उलटं केलं: दीर्घ त्रासात गप्प पडून राहणं ही मूळ प्रतिक्रियाच असते, शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. हे वाचलं आणि स्वतःला भित्री म्हणणं मी सोडलं.

मला ओढून नेणारी एक सहकारी होती. असं एक माणूस शोधाच. आम्ही दोघींनी मिळून एकच वाक्य ठरवलं, 'माझं नाव असं नाही, पुन्हा म्हणा', आणि रिकाम्या खोलीत ते इतकं घोकलं की शेवटी आम्हालाच हसू फुटलं. बैठकीत मी ते म्हटलं तेव्हा आवाज कापलाच. चालतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रोझा पार्क्स 1 डिसेंबर 1955 रोजी मॉन्टगोमेरी शहराच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठल्या नाहीत, ते थकल्यामुळे, असं सांगितलं जातं. त्या स्वतः ते नाकारत. 1943 पासून त्या तिथल्या नागरी हक्क संघटनेच्या सचिव होत्या आणि अन्यायाच्या तक्रारी नोंदवून घेत होत्या. त्यानंतरचा बसबहिष्कार 381 दिवस चालला, तोही हजारोंच्या पायपिटीवर.

प्रत्येक टोमण्याला उत्तर द्यायचं नसतं. नोकरी जाईल किंवा अंगावर हात पडेल अशी भीती असेल तिथे नोंद करा आणि बाहेर पडा. तो पळपुटेपणा नव्हे.

आणि तक्रार देताना मूळ वही हातची सोडू नका. प्रत द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आहे ना ते तिथेच उभं राहून बघा. माझी पहिली वही 'चौकशीसाठी' दिली होती. ती गहाळ झाली, असं मला तोंडी कळवण्यात आलं.