कार्डिनल आल्ब्रेख्टची ड्यूररकृत चित्रे वाचताना या चुका टाळा

न्युरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने माइन्त्स या जर्मन शहराचे आर्चबिशप (कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी) कार्डिनल आल्ब्रेख्ट यांची दोन व्यक्तिचित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि त्यावरून कागदावर छाप काढले. १५१९ च्या छोट्या चित्रात चेहरा किंचित वळलेला आहे, तर १५२३ च्या मोठ्या चित्रात तो पूर्णपणे एका बाजूने दिसतो. दोन्हींवरचा लॅटिन मजकूर जवळजवळ सारखाच असल्याने केवळ नाव वाचून चित्र ओळखू नये.

सर्वाधिक घोटाळा वयाच्या ओळीत होतो. ‘आन्नो एटाटिस सुए’ या शब्दांपुढचा रोमन आकडा वयाचा असतो. सन त्यानंतर वेगळे लिहिलेले असते. पहिल्या चित्रात वय २९ आहे आणि दुसऱ्यात ३४. चार वर्षांत वय पाचाने कसे वाढले, अशी शंका येऊन दुसरे चित्र बनावट ठरवण्याची घाई करू नये. कार्डिनलांचा जन्म जून १४९० चा, म्हणजे १५२३ च्या उत्तरार्धात त्यांना चौतिसावे लागलेले होते.

‘असे त्याचे डोळे होते, असे गाल, असे मुख’ या अर्थाची ओळही दोन्हींवर आहे. तिच्यातील भूतकाळी क्रियापदावरून हे मरणोत्तर स्मृतिचित्र असावे असा तर्क करणे चूक आहे, कारण कार्डिनल १५४५ पर्यंत हयात होते. ती ओळ प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ या महाकाव्यातून घेतली असून मूळ ‘हातां’च्या जागी ‘गाल’ घातले आहेत. तो भूतकाळ त्या काव्यातलाच आहे. मला ही ओळ या चित्रांचा प्राण वाटते.

पदव्यांच्या संक्षेपांत ‘मागुन’ म्हणजे माइन्त्स आणि ‘माग्दे’ म्हणजे माग्देबुर्ग हे दुसरे जर्मन शहर. दोन्ही शब्द एकाच जागेचे समजले, तर एकाच माणसाकडे दोन आर्चबिशपपदे होती ही महत्त्वाची गोष्ट निसटते.

आपल्या हातातील प्रत एकमेव आहे असेही मानू नये. छोट्या चित्राचा पत्रा आणि २०० छाप ड्यूररने कार्डिनलांनाच पाठवले होते. शिवाय एकोणिसाव्या शतकात आमां-ड्युरां या फ्रेंच कोरीवकाराने फोटोच्या साहाय्याने ड्यूररच्या कोरीवचित्रांच्या हुबेहूब प्रती काढल्या. अशा प्रतींवरही पत्र्याचा दाब (छापताना पत्र्याच्या कडेने कागदावर पडणारी रेघ) उमटू शकतो, म्हणून तेवढ्या खुणेवर विसंबू नये. कागद उजेडासमोर धरून त्याची वीण पाहावी आणि भिंगातून रेघांची धार तपासावी. चौकटीत बसवण्यासाठी कडा मात्र कधीही कापू नये, कारण दाबाची रेघ आणि कोरा कागद तेथेच असतो.