कढीपत्ता दोन लावा

साताऱ्यात आमच्या घरामागे परस आहे. लांबी पंधरा पावलं, रुंदी सहा, आणि त्यातली दोन पावलं कपडे वाळत घालायच्या दोरीची. फुलपाखरं यावीत म्हणून पहिली तीन वर्षं मी तिथे नुसती फुलझाडं लावली. झेंडू, झिनिया, सदाफुली, एक्झोरा. फुलपाखरं यायची, टपरीवर चहा घ्यावा तशी घोटभर पिऊन निघून जायची.

ती मुक्कामाला का येत नाहीत, याचा उलगडा झाला तो कढीपत्त्यावरून. सासूबाई फोडणीसाठी पानं तोडायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, चिमण्यांनी घाण केलीय बघ सगळ्या पानांवर!" काडीने ती 'घाण' काढायला गेल्या तर तिने मान वर केली, डोक्यातून शेंदरी रंगाची दोन शिंगं बाहेर काढली आणि कुजक्या लिंबासारखा वास सोडला. आईंच्या हातातली काडी खाली पडली. तो लाइम बटरफ्लायचा सुरवंट होता. लहानपणी तो हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो, म्हणजे पक्षी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मोठा झाला की हिरवा होतो आणि पानात लपतो.

तेव्हा पहिलं काम फुलांचं नाही, पानांचं. फुलपाखरू रस कुठल्याही फुलातला पिईल, पण अंडी घालताना फार चोखंदळ असतं. मादी पानावर उतरते, पायांनी पान चाचपून चव घेते, पसंत पडलं तर एक अंडं चिकटवते आणि पुढच्या पानावर जाते. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल. सकाळी दहा-अकराच्या उन्हात कोवळ्या शेंड्यांवर शोधा, सापडेल.

कढीपत्ता आणि लिंबू, या दोन झाडांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही दोन्ही येतात. म्हणून माझा सल्ला असा की कढीपत्ता दोन लावा, एक फोडणीचा आणि एक त्यांचा. फोडणीच्या झाडावर सुरवंट दिसला तर चिमटीत धरून ओढू नका. त्याचे पाय पानाला घट्ट असतात, इजा होते. ते पानच देठासकट तोडून दुसऱ्या झाडाच्या फांदीत अडकवायचं, तो आपला आपण चालत जातो. सध्या ही बदलीची कामं आमच्या आईच करतात, अर्थात पुटपुटत. एका सप्टेंबरात माझ्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर चौदा सुरवंट होते. आठवड्यात झाडाच्या काड्या उरल्या. पावसाळ्याचे दिवस होते, महिन्याभरात पुन्हा फुटलं. झाड मुरलेलं असेल तर मरत नाही. रोप वीतभरच असेल तर मात्र दोनाहून जास्त सुरवंट राहू देऊ नका, तेही उपाशी मरतात आणि रोपही जातं.

लिंबाचं कलम विकत आणायची गरज नाही. सरबताच्या लिंबातल्या बिया ओल्या असतानाच एका पसरट कुंडीत दाट टाका. आपल्याला फळ थोडंच हवंय? कोवळी पानं हवीत. शिवाय नर्सरीतल्या रोपाचा मला वाईट अनुभव आहे. एका ठिकाणाहून तुकतुकीत लिंबाचं रोप आणलं, तिसऱ्या दिवशी त्यावरचे सगळे सुरवंट काळे पडून लोंबकळत होते. झाडात औषध मुरलेलं असणार. आता आणलेलं रोप मी दोन महिने मच्छरदाणीच्या तुकड्याखाली वेगळं ठेवते, जुनी पानं काढून टाकते आणि नवी पालवी आल्यावरच उघड्यावर आणते.

परस नसलं, नुसती गॅलरी असली, तर एकच झाड सांगेन: पानफुटी. पान मातीवर टाकलं तरी रुजतं, पाणी विसरलं तरी चालतं. तिच्यावर रेड पिएरो येतं. नखाएवढं पांढरं-काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर केशरी पट्टा, फार उंच उडत नाही. त्याचा सुरवंट पानावर दिसत नाही, कारण तो पानाच्या पोटात राहतो. मांसल पानाच्या दोन सालींमधला गर खात पुढे सरकतो. पानावर फिकट, फुगीर डाग दिसला तर ते पान न तोडता उजेडाकडे वळवून बघा. पतंगाच्या कागदासारखी साल, आत काळ्या विष्ठेचे कण आणि त्यांच्या पुढे हळूहळू हलणारी एक सावली. आमच्याकडे पाहुण्यांना मी आधी हे दाखवते, चहा नंतर. पानफुटीला रोग लागला म्हणून ही पानं खुडून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यातलीच होते.

रुई जमिनीतच लावा, कुंडीत तिला सुख नाही. तिच्यावर प्लेन टायगर येतं. पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुरवंट उघड्यावर बसून पानं खातो, कारण रुईच्या चिकातलं विष तो अंगात साठवतो आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. जागा नसेल तर त्याच कुळातलं हळदीकुंकू कुंडीत लावा, लाल-पिवळी फुलंही मिळतात. दोन्हींचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना पान उलटून बघायची सवय मात्र लावून घ्या, अंडी बहुतेक खालच्या बाजूला असतात.

बाकीची भराभर सांगते. कण्हेरीवर कॉमन क्रो येतं, त्याचा कोष आरशासारखा चमकतो. सीताफळावर आणि उंच अशोकावर टेल्ड जे, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर, एरंडावर कॅस्टर, चित्रकावर झेब्रा ब्लू. कुंपणाकडेला पावसात टाकळा उगवतो तो उपटू नका, त्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात आणि भाजी आपल्यालाही होते.

आता फुलं. ती उन्हात हवीत, पाच-सहा तास तरी. सावलीत फुलपाखराचं अंग तापत नाही आणि अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. चार जातींची एकेक रोपं लावण्यापेक्षा एकाच जातीचा ताटवा करा. पेंटास माझी आवडती, बारा महिने फुलते. झेंडू-झिनिया एकेरी पाकळ्यांचे घ्या. गच्च भरलेल्या फुलात आपल्याला शोभा दिसते, पण रसापर्यंत सोंड पोचत नाही. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे खरं, तरी मी ती लावत नाही. तिने आधीच डोंगर व्यापलेत. त्यापेक्षा गवतात आपोआप उगवणारा दगडीपाला ठेवा, त्याच्या बटणाएवढ्या फुलांवर दिवसभर वर्दळ असते.

कुंडीखालचं मातीचं परळ घ्या. त्यात वाळू आणि बागेतली माती भरा, मूठभर शेणखत आणि चिमूटभर मीठ घाला, आणि कायम ओलं ठेवा. पाणी साचू द्यायचं नाही, डासांची पैदास होते. ओल्या मातीतले क्षार शोषायला नर येतात. पिकून काळी पडलेली केळी शेजारी ठेवलीत तर जी फुलपाखरं फुलांकडे फिरकत नाहीत तीही येतात, फक्त मुंग्यांवर लक्ष ठेवा.

फवारणी नको, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. कडुनिंबाचं तेल 'नैसर्गिक' म्हणून मी जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणावर मारलं होतं. वाऱ्याने ते लिंबावर गेलं. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली अकरा सुरवंट मोजले. आता पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून काढते. हात दुखतात, दुखू देत.

सुरवंट कोषात जायच्या आधी पातळ विष्ठा टाकतो, खाणं सोडतो आणि झाडावरून उतरून भटकायला लागतो. तो आजारी नसतो, जागा शोधत असतो. आमच्याकडे एकाने कपड्यांच्या दोरीचा खांब निवडला, कंबरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन टेकला. त्या बाजूला आम्ही आठवडाभर कपडे घातले नाहीत. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं, पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले. ते सुकेपर्यंत दोन-तीन तास लागतात. मदत म्हणून कोष सोलायचा नाही. माझ्या भाच्याने सोललेल्या कोषातलं फुलपाखरू कधीच उडलं नाही.

आणि सगळेच जगणार नाहीत. कधी कोषाला टाचणीने पाडल्यासारखं भोक दिसतं आणि आतून बारीक गांधीलमाश्या निघालेल्या असतात. शिंपी पक्षी तर रोज सकाळी लिंबाची हजेरी घेतो. सुरुवातीला मी त्याला हाकलायची. आता त्याचंही घरटं आमच्याच परसात आहे, बोलणार काय?

लागवड जूनमध्ये पहिल्या पावसावर करा, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मोसमाला पानं तयार असतात. मी गेल्या जूनमध्ये पपनस लावलंय, राणी पाकोळीसाठी. 2015 साली राज्याचं फुलपाखरू झालेली ती, काळ्या पंखांवर निळा रंग, तळहाताएवढी. ऑक्टोबरात एकदा आली, परळावर मिनिटभर बसली, पपनसाकडे न बघता भिंतीवरून गेली. रोप अजून गुडघ्याएवढंच आहे.