आधी मीटरची लाल बत्ती बघा

लातूरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मार्च लागला की लोक जळालेले कूलर घेऊन येतात आणि मोटार भरून होईपर्यंत लाइट बिलाचं रडगाणं ऐकवतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

रात्री रोज जसं सगळं बंद करता तसं करा, पाच मिनिटं फ्रिज आणि पंखेही बंद ठेवा, आणि मीटरसमोर उभे राहा. मीटरवर बारीक लाल बत्ती लुकलुकते. माझ्या मीटरवर ३२०० असा आकडा छापलाय, म्हणजे ती ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट. सगळं बंद असून ती लुकलुकत राहिली तर कुणीतरी गुपचूप वीज पितंय. एकदा लुकलुकल्यावर पुन्हा किती सेकंदांनी लुकलुकते ते मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. तेवढे वॅट. (मीटरवर दुसरा आकडा असेल तर ११२५ च्या जागी ३६ लाख भागिले तो आकडा.) आमच्याकडं ७५ सेकंद आले, म्हणजे १५ वॅट. शोधलं तर सेट-टॉप बॉक्स, नुसता रिमोटनं बंद केलेला. पंधरा वॅटचं काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. हिशोब केला तर महिन्याला जवळपास ११ युनिट. आता झोपताना भिंतीवरचं बटण बंद होतं.

पंखा हळू फिरतोय म्हणून नवा घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाला मी थांबवतो. बहुतेक वेळा कंडेन्सर, म्हणजे पंख्याच्या मोटारीला जोर देणारी छोटी डबी, उतरलेला असतो, तो थोडक्यात बदलून मिळतो. नवा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा घ्या. जुना ७५ वॅट खातो, हा तिशीच्या आसपास. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागं महिन्याला सोळा युनिट वाचतात. पण सगळे एकदम बदलू नका. ज्याच्याखाली झोपता तो आधी.

आता कूलर. आपल्या कोरड्या उन्हाळ्याला कूलरच शोभतो. घरचा कूलर दीडशे-दोनशे वॅटवर चालतो, दीड टनाचा एसी जोरात असला की दीड हजाराच्या आसपास जातो. पण लोक दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात आणि मग म्हणतात, ‘गार लागंना, मोटार बघा.’ मोटार ठणठणीत असते. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढून आत ढकलतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसली की खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. म्हणून कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूनं बसवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

बोअरचं पाणी जड. पाणी उडून जातं, क्षार गवतावर बसतात, गवत दगडासारखं होतं, हवा कोंडते. आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासून घ्या, त्यात डासही होत नाहीत. इथं माझीच एक फजिती सांगतो. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बघून जीव तुटायचा, म्हणून मी ते कूलरमध्ये ओतायला लागलो. त्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात हे मला, मोटारवाल्याला, सुचलं नाही! महिन्यात गवत पांढरंफटक आणि पंप जाम. आता नळीखाली बादली असते आणि ते पाणी फरशी पुसायला अन् संडासात जातं. कुंड्यांना रोज घालू नका, माती खारावते.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी टोपल्यात धरायची सवय लागली ती आजही आहे. कुंड्या त्यावरच जगतात.

स्वयंपाकघर बायकोचं, तिथं माझं चालत नाही. ती तूरडाळ तासभर आधी भिजत घालते आणि कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करते. सिलिंडर पुरतो, एवढं मी बघितलंय.

ओल्या कचऱ्याला मात्र माझा माठ आहे: जुना, गळका. बुडाशी तुराट्यांचे तुकडे, त्यावर भाजीची देठं-सालं, प्रत्येक थरावर वाळका पाला, आठवड्यातून एकदा वाटीभर आंबट ताक. वास आला तर पाला कमी पडलाय, एवढंच समजायचं. भरला की झाकून ठेवायचा. दोन-तीन महिन्यांत खत. आमचा माठ भरायला वेळ लागतो, कारण शिळ्या भाकरीचे कुटके होतात आणि दोडक्याच्या शिरांची तीळ-लसूण घालून चटणी. तिथवर काही पोचतच नाही.