हिपासाठी एक वर्षाची मुदत 2002 मध्ये अशी मागायची होती

नागपूरच्या धंतोलीत बसून आपण ज्या अमेरिकी दवाखान्यांची बिलं करतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हिपा म्हणजे अमेरिकेचा आरोग्यविमा आणि रुग्णांच्या माहितीबद्दलचा कायदा. त्याच्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या, म्हणजे संगणकावरून विम्याचे दावे पाठवण्यासारख्या कामांच्या, नियमांची मुदत 16 ऑक्टोबर 2002 होती. दवाखान्याची तयारी नसेल तर 15 तारखेपर्यंत अर्ज पाठवायचा, म्हणजे 16 ऑक्टोबर 2003 पर्यंत सवड मिळायची. छोट्या विमा योजनांना ती आधीच होती, त्यांचा अर्ज भरत बसायचं नव्हतं.

अर्ज म्हणजे विनवणीपत्र नव्हे राजेहो, कामाचा आराखडा होता. उशीर का, खर्च किती, काम कोणत्या टप्प्यांनी आणि बाहेरचा ठेकेदार लागणार का, एवढंच विचारायचे. ‘सॉफ्टवेअरवाल्याकडून नवी आवृत्ती आलेली नाही’ हे कारण खरं असेल तर बिनधास्त द्यायचं. खर्चाचा अंदाज चालायचा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय आकडा टाकायचा नव्हता, आराखडा त्यांच्या नावावर जायचा.

चाचणी सुरू करण्याच्या तारखेकडे मात्र नीट बघायचं होतं. ती 16 एप्रिल 2003 नंतरची असून चालत नव्हती. तिथून उलटं मोजत बाकीचे टप्पे बसवायचे.

अर्ज शक्यतो ऑनलाइनच भरायचा. पोचक्रमांक मिळायचा, तोच पुरावा. वेगळं मंजुरीपत्र येत नव्हतं. पोचक्रमांकाची छापील प्रत फाइलला लावायची आणि एक डॉक्टरांना पाठवायची. अर्ज घेणारं सरकारी कार्यालय अमेरिकेत बाल्टिमोरला; तिथली मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, पण त्या भरवशावर राहायचं नव्हतं.

रुग्णांच्या गोपनीयतेच्या नियमांना ही सवलत लागू नव्हती. त्यांची तारीख 14 एप्रिल 2003 हीच होती.