लेन्स बदलू नका, आधी एन्लार्जर सरळ करा

घरच्या बाथरूममध्ये फोटो प्रिंट करायला खिडकीला काळं कापड, दाराखाली टॉवेल, लाल दिवा, हे सगळं तुम्ही केलंच असणार, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हमधून प्रकाश पाडून खालच्या कागदावर मोठं चित्र उमटवणारं यंत्र, कोणता घ्यायचा ते सांगतो. फक्त ३५ एमएम फिल्म करत असाल आणि लाइट्झचा फोकोमॅट १सी त्याच्या मूळ लेन्ससकट मिळत असेल तर जास्त विचार करू नका, यंत्राचं डोकं वरखाली केलं तरी फोकस आपोआप सोबत राहतो. ६x६ सेंटिमीटरची निगेटिव्ह पण करायची असेल तर डर्स्ट एम ६०५ नाहीतर मिओप्टाचा ओपेमस ६. माझ्याकडे इंदूरला ओपेमसच आहे आणि माझं त्यावर मनापासून प्रेम आहे. लेन्स ३५ एमएमला ५० एमएमची, ६x६ ला ८० एमएमची. ५० मध्ये एल-निक्कोर एफ/२.८ घ्या, तिच्यात सहा काचा आहेत, एफ/४ वालीत चारच. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं न ठेवता दोन स्टॉप, म्हणजे दोन टप्पे, बंद करून वापरा.

आता खरं काम. निगेटिव्ह, लेन्स आणि खालचा बोर्ड हे तिन्ही एकमेकांना समांतर नसतील तर कुठलीही लेन्स तुम्हाला वाचवणार नाही. माझ्या प्रिंटचा उजवा खालचा कोपरा कायम मऊ, म्हणजे धूसर, यायचा, मी दोन महिने लेन्सला दोष दिला, पैसे साठवून दुसरी लेन्स मागवली, ती लावली तर तोच कोपरा तसाच मऊ. जुन्या काळी काचेची निगेटिव्ह कागदावर दाबूनच प्रिंट काढायचे, आपल्या इंदूरला कारकीर्द सुरू करणाऱ्या फोटोग्राफर राजा दीनदयाळांच्या काळात असंच चालायचं, मध्ये अंतरच नाही तर वाकडं काय होणार? आपल्याकडे मात्र मध्ये हातभर हवा आहे.

लोक सांगतात स्पिरिट लेव्हल ठेवा. नका ठेवू. बुडबुडा मधे आलाय असं दिसतं तेव्हासुद्धा कोपरा मऊ राहण्याइतका फरक उरतो, आणि आपल्याला जमिनीशी काही घेणंदेणं नाही, तिघांनी एकमेकांशी जुळायचंय. आरसे वापरा. काचवाल्याकडून दोन छोटे सपाट आरसे कापून घ्या, एकाच्या पाठीमागचा रंग आणि पारा ब्लेडने मधोमध ५-६ एमएम गोल खरवडून टाका. अख्खा आरसा बोर्डवर उताणा ठेवा. दिव्याचा डबा, कंडेन्सर (दिव्याखालची जाड भिंगं) आणि लेन्स काढा, भोकवाला आरसा निगेटिव्हच्या जागी काच खाली करून ठेवा आणि वरून भोकातून बघा. आरशात आरसा, आरशात आरसा अशी वर्तुळांची रांग दिसेल. रांग एका बाजूला वाकत गेली तर वाकडं आहे, सगळी वर्तुळं एकात एक बसली तर सरळ. स्क्रू असतील तर स्क्रूने, नसतील तर पत्र्याच्या डब्याची पातळ पट्टी कापून खाली सरकवा. आधी निगेटिव्हची जागा आणि मगच लेन्सची, तोच आरसा लेन्सच्या रिंगला खालून घट्ट टेकवून. हा क्रम उलटा केलात तर पुन्हा पहिल्यापासून, माझ्या दोन रात्री अशाच गेल्या.

मग खात्री. डेव्हलप केलेल्या फिल्मचा काळा सुरुवातीचा तुकडा घ्या, त्यावर सुईने मधे आणि चारही कोपऱ्यांत रेघा ओढा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस मधे लावा आणि भिंगाने कोपरे बघा. स्वस्त भिंगातून कोपरा दिसतच नाही, इथे कंजूसपणा करू नका, पीक (Peak) कंपनीचं भिंग घ्या.

एवढं करूनही प्रिंट मऊ आली तर निगेटिव्ह फुगतेय. दिव्याच्या उष्णतेने ती अर्ध्या मिनिटात वाकते आणि तुम्ही थंड असताना लावलेला फोकस जातो, इंदूरच्या मे महिन्यात तर बंद बाथरूममध्ये हे हमखास होतं. निगेटिव्ह दोन काचांमध्ये दाबून धरणारा काचेचा कॅरिअर लावा. पावसाळ्यात दमट हवेत काच आणि फिल्मच्या चकचकीत बाजूमध्ये इंद्रधनुषी गोल उमटतात, म्हणून वरची काच अँटी-न्यूटन, म्हणजे किंचित खरबरीत केलेली, हवी, साधी चालत नाही.

बाकी सोपं आहे. मल्टीग्रेड (फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येतो असा) आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेला) कागद, डेव्हलपर १+९ म्हणजे एक भागाला नऊ भाग पाणी, २० डिग्रीला एक मिनिट. उन्हाळ्यात टाकीचं पाणी गरम येतं तेव्हा ट्रे परातीत ठेवून भोवती बर्फाच्या बाटल्या लावा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, दिवा पिवळा होतो, एक्स्पोजरही बदलतो आणि कॉन्ट्रास्टही, त्यामुळे स्टॅबिलायझर नसेल तर रात्री अकरानंतर बसा. आणि दिवाळीच्या साफसफाईत कोणी एन्लार्जर उचलून इकडचा तिकडे ठेवला असेल तर आरसे पुन्हा काढा, मी माझे त्याच्याच खोक्यात ठेवतो.