सीट बेल्टसाठी गाडी ‘रिकॉल’ झाली असेल, तर काय करावे

सीट बेल्टमधला दोष रोजच्या वापरात सहसा लक्षात येत नाही. म्हणूनच ‘आमचा बेल्ट तर व्यवस्थित लागतो’ एवढ्या समाधानावर रिकॉलचे, म्हणजे दोष दुरुस्त करून देण्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावल्याचे, पत्र बाजूला ठेवू नये. १९९५ साली अमेरिकेत ताकाता कंपनीच्या बेल्टमुळे ८० लाखांहून अधिक गाड्या रिकॉलच्या कक्षेत आल्या, तेव्हा दोष होता बकलवरच्या बटणाच्या प्लॅस्टिकमध्ये. ते कालांतराने ठिसूळ होऊन तुटे, त्याचे तुकडे बकलच्या आत पडत आणि मग बेल्ट कधी अडकत नसे, कधी सुटत नसे, तर कधी अडकल्यासारखा वाटूनही पक्का बसलेला नसे. २०१८ मध्ये फोर्डने एफ-१५० जातीच्या सुमारे २० लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केले. त्यांच्यात धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरमधून प्रमाणाबाहेर ठिणग्या पडून आग लागण्याचा धोका होता, आणि तो धडक होण्यापूर्वी कोणत्याही चालकाला कळणे शक्य नव्हते.

त्यामुळे सुरुवात बेल्टपासून न करता चासी नंबरापासून करावी. हा १७ अंक-अक्षरांचा नंबर नोंदणीच्या कागदपत्रांवर असतो आणि बहुतेक गाड्यांत समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या चौकटीवरही सापडतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत, तेव्हा ‘हे शून्य की ओ’ असा प्रश्न पडल्यास ते शून्यच समजावे. हा नंबर कंपनीच्या किंवा सरकारी संकेतस्थळावरील रिकॉल तपासणीत टाकावा, अथवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवावा. केवळ मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलच्या ठरावीक काळात तयार झालेल्या गाड्याच बहुधा सदोष असतात. गाडी जुनी विकत घेतली असेल, तर पत्र आधीच्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असू शकते; शिवाय रिकॉलची यादी पुढे वाढूही शकते, म्हणून वर्षातून एकदोनदा पुन्हा तपासणे बरे.

घरच्या घरी एवढे पाहता येते: पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याची कड उसवली किंवा झिजली आहे का, झटका दिल्यावर तो हवा तसा जागीच अडकतो का, सोडल्यावर पूर्ण आत जातो का, आणि बकल ‘टक्’ असा आवाज करून बसल्यावर जोराने ओढूनही टिकते का. यातले काही बिघडलेले दिसले, तर रिकॉल नसले तरी बेल्ट दाखवून घ्यावा. मात्र हे सगळे ठीक असले म्हणून रिकॉल रद्द होत नाही. प्रीटेन्शनर स्वतः उघडून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण अनेक गाड्यांत त्याच्या आत स्फोटक द्रव्य असते.

सर्व्हिस सेंटरची वेळ घेताना ‘बेल्ट बघायचा आहे’ असे मोघम न सांगता रिकॉलचा क्रमांक सांगावा आणि तोच जॉब कार्डवर लिहून घ्यावा. नाहीतर काम साध्या दुरुस्तीत मोडून बिल हातात पडण्याची शक्यता असते. रिकॉलचे काम सर्वसाधारणपणे विनामूल्य असते. त्याच दोषासाठी आधी पदरचे पैसे खर्च झाले असतील, तर पावती दाखवून परताव्याची विचारणा जरूर करावी. सुटा भाग उपलब्ध नाही असे उत्तर मिळाल्यास तो कधी येईल हे लेखी मागावे. तोवर शक्य असेल तर त्या सीटवर कोणालाही बसवू नये. पण दोषाच्या भीतीने बेल्टच न लावणे हा उपाय नव्हे. सूचनेत गाडी चालवू नये असे स्पष्ट म्हटले असेल, तर ती उभीच ठेवावी आणि टो करून नेण्याची सोय कंपनी करते का, हे विचारावे.

काम झाल्यावर कोणता भाग बदलला याची नोंद असलेला कागद जपून ठेवावा आणि काही दिवसांनी तोच चासी नंबर पुन्हा टाकून रिकॉल पूर्ण झाल्याचे दिसते का, ते पाहावे. लहान मुलाचे आसन याच बेल्टने बांधत असाल, तर ते नव्या बेल्टवर पुन्हा पहिल्यापासून घट्ट बसवून घ्यावे.