पूल उभा राहिला, पण गाडी रुळावर राहील का?

माझं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाचा विषय आमच्या घरात अजून निघतो. त्यामुळे कराडला सिव्हिल करतानाच पुढे भूकंप-अभियांत्रिकी घ्यायची, हे मी ठरवून टाकलं होतं.

एम.टेक.ला प्रोजेक्ट घेतला समुद्रावरच्या रेल्वे पुलाचा. खांबांची सळई, पाइलची (खांबाखाली जमिनीत खोल जाणाऱ्या पायाची) खोली, सगळं बसवलं. पूल पडत नव्हता. मॅडमनी वही चाळून एवढंच विचारलं, "दोन गर्डरच्या जोडावर रूळ किती वाकतो गं?" गर्डर म्हणजे खांबांवर टेकलेली, रूळ पेलणारी आडवी तुळई. मी तो हिशेबच केला नव्हता.

सुट्टीत मिरजेला रेल्वेतल्या ओळखीच्या काकांनी डब्याचं चाक जवळून दाखवलं. चाकाच्या आतल्या बाजूची कड अंगठ्याच्या पेराएवढी, साधारण तीन सेंटिमीटर. अख्खा डबा रुळावर धरून ठेवते ती एवढीच कड! शेजारचे दोन खांब वेगवेगळे हलले की जोडावर रुळाला कोन पडतो, आणि पूल शाबूत असतानाही चाक चढून उतरू शकतं. 23 ऑक्टोबर 2004 ला जपानच्या निगाता भागात धावती शिंकानसेन अशीच भूकंपात रुळावरून उतरली. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

समुद्रात हे आणखी अवघड होतं. खांब उंच आणि सडपातळ, म्हणून झोका मोठा. भोवतालचं पाणीही खांबाबरोबर ढकललं जातं, त्याचं वजन हिशेबात धरावंच लागतं. तळाची सुटी वाळू हादऱ्याने रबडीसारखी होते आणि पाइलचा आधारच जातो.

भूकंपाचा इशारा देणाऱ्या यंत्रणेवर मात्र सगळा भार टाकू नका. भूकंपाची जमिनीतून येणारी पहिली, सौम्य लाट सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर धावते, मागची विध्वंसक लाट साडेतीन. भूकंपाचं केंद्र 100 किलोमीटरवर असेल तर मध्ये जेमतेम 12 सेकंद मिळतात. ताशी 100 च्या वेगातली गाडी तेवढ्यात 300 मीटरहून जास्त पुढे जाते. वेग कमी होईल, पण गाडी पुलावरच असेल. तरीही ते सेकंद मोलाचे आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या भूकंपमापकांच्या योजनेत मार्गापासून लांबची खेड, रत्नागिरी, लातूर ही ठिकाणंही आहेत, ती त्यासाठीच.

नव्याने येणाऱ्यांनी आधी स्ट्रक्चरल डायनॅमिक्स, म्हणजे बांधकामाच्या कंपनांचं शास्त्र, पक्कं करावं. एका वस्तुमानाचं कंपन हाताने सोडवता आल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका, आकडे खरे की खोटे तेच कळत नाही. आयएस 1893 हे भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक वाचाच, पण रेल्वे पुलांसाठीचे नियम वेगळे काढून बघा. आणि 1967 ला कोयना धरणात यंत्राने टिपलेली हादऱ्याची नोंद मिळवा, ती जगभर अभ्यासाला वापरतात.

मी माझ्या पुलाला तीच नोंद लावली. खांब टिकले. तिसऱ्या जोडावर रूळ मर्यादेबाहेर वाकला, आणि पुढचे दोन महिने मी त्या एका जोडावरच काम केलं.